ओवलेल्या सुया

शिंपीमामांचा दिवस नमस्काराने संपायचा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवर झाकण घालताना ते म्हणत, "दमलीस गं बाई, तुझे फार उपकार. झोप आता." मग कात्रीला हात लावून तो कपाळाला, मग इस्त्रीला, मग टेपला. देव देतो खरा, पण ही अवजारं राबतात म्हणून आपल्या पदरात पडतं. ऋण मानल्याने काय जीभ झिजते का, असं त्यांचं म्हणणं.

मामी दारातून टोमणा मारत, "आमचा नंबर कधी लागायचा? की आम्हीही चाकं बसवून घेऊ?"

"तू तर घरचीच की!" मामा हसत.

त्यांना ताठा एकाच गोष्टीचा. साठी उलटली तरी डोळे शाबूत! सकाळी मशीनशेजारच्या चिमुकल्या उशीत टोचलेल्या सुया ओवलेल्याच सापडत. "खरा शिंपी सुईत दोरा ठेवूनच उठतो," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि त्यांना ते मनापासून वाटेही. दोरा नेमका आजच्या कापडाच्या रंगाचा कसा, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

मामींची बहीण जिन्यावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला. मामी उशी सुयांनी गच्च भरून तिकडे गेल्या. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एकेक सुई रिकामी झाली, आणि नेमका बाईंचा कोट राहिला. शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होत होत्या, दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ, आणि काजं-बटणं हाताने करायची बाकी.

मामांनी दोरा ओठांत ओला केला, खिडकीशी गेले, एक डोळा मिटला. ओळखपाळख नसल्यासारखा दोरा सुईच्या शेजारून निघून गेला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सुई ओवता येईना तो शिंपी कसला? मशीनवर आता कायमचंच झाकण घालायचं की काय?

'देवा' म्हणायला तोंड उघडलं, आणि नजर उशीतल्या रिकाम्या सुयांवर गेली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी फोन लावला.

"काय गं, बहिणीचा पाय कसा आहे?"

"सुया संपल्या वाटतं," मामी म्हणाल्या.

मामांनी विचारलं, "कधीपासून ओवतेस?"

"जावईबापूंच्या काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने बटणं लावलीत, तेव्हापासून."

"अगं, मग सांगायचं नाही?"

"सांगून काय, चष्मा घेतला असतात? तोंड पाडून बसला असतात. बटणांच्या डब्यात तळाशी बघा. बाईंच्या कोटाचा दोरा ओवून ठेवलाय."

डब्याच्या तळाशी फडक्यावर ओवलेल्या सुया ओळीने टोचलेल्या होत्या. मामा म्हणाले, "तुझे फार..." पुढचा शब्दही दोऱ्यासारखाच अडला.

"मशीनला म्हणता तसं नको हं. मागोमाग तेलाची कुपी घेऊन याल!"

कोट वेळेवर गेला. मामी परतल्या, तर मशीनशेजारी खिडकीच्या उजेडात नवं स्टूल, आणि मामांच्या नाकावर चष्मा.

"हे कुणासाठी?"

"तुझी जागा. आता चोरून नाही, माझ्यादेखत ओवायचं."

"चष्मा आलाय की! आता माझं काय काम?"

"चष्म्याने सुई दिसते गं. ओवणारी दिसायला नको?"

संध्याकाळी मशीनवर झाकण घालण्याआधी मामा स्टुलावर बसलेल्या मामींकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

"इश्श, पुरे! लोक बघतील," मामी म्हणाल्या. पण उठल्या मात्र नाहीत.