एका कार्डावर दोघी

लाल झाकणांच्या नळ्या, ट्रे भरून.

सर्व्हरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा वीस. हवा होता पन्नास.

दोन पंखे, दोन्ही वहिनीकडे तोंड करून.

भावाचा मेसेज, दोघींना एकच: ‘भांडण घरी आणू नका.’

रक्त तपासणीच्या त्या लॅबचा सर्व्हर ती नऊ वर्षं सांभाळत होती. त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता ती एका साध्या फाइलमध्ये हाताने लिही. गेल्या आठवड्यात तिच्या वहिनीने, म्हणजे लॅबमधल्या नव्या मदतनिसाने, त्याच कामाला दुसरा प्रोग्राम बसवला. पडद्यावर खिडकी उघडा, आकडा टाका, बटण दाबा.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी थोडक्यात निकाल लावला होता. “अकराच्या आत सर्व्हरला नवा पत्ता द्या, नाहीतर रिपोर्ट अडकतील. जिचं चालेल तिच्याकडे सर्व्हर, दुसरी काउंटरवर.”

तिने फाइलमध्ये पन्नास लिहिलं, मशीन रीस्टार्ट केलं. पडद्यावर आलं ते वीस.

“वहिनी, हात लावलात?”

“मला काय हौस आलीय? तुम्हीच काहीतरी विसरला असाल. वय झालं की होतं, वन्सं.”

पुन्हा पन्नास. रीस्टार्ट. वीस.

“नऊ वर्षांत या मशीनने मला तोंडघशी पाडलं नव्हतं!”

“मशीन तुमचं माहेर नाही, एवढा हक्क सांगायला.”

तिने सरळ वहिनीच्या कीबोर्डची वायर उपटली आणि तिसऱ्यांदा रीस्टार्ट केलं. तरी वीस. मग तिने मशीन स्वतः ठेवतं ती नोंदवही पडद्यावर उघडली. वहिनीचा प्रोग्राम जागा होता. तिने लिहिलेला आकडा पुसून तो दर वेळी आपला जुना आकडा टाकत होता.

“हा बघा तुमचा पठ्ठ्या! मी लिहिते, हा पुसतो.”

वहिनीचा चेहरा उतरला. “पण मी तर सकाळीच…”

“सकाळी काय दिवे लावलेत ते दिसतंय.”

तिने तो प्रोग्राम मुळासकट काढून टाकला. पन्नास आलं, टिकलं. यंत्रांतून रिपोर्ट धडाधड वाहू लागले. दहा बावन्नला तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “बाई, वहिनींनीच अडवून धरलं होतं.”

वहिनीने पर्स उचलली, काउंटरकडे निघाली. दारात थांबून म्हणाली, “जेवायला एकाच टेबलावर बसायचंय, वन्सं.”

“मी ताट खोलीत नेईन.”

त्या सकाळी नऊला, ती यायच्या आधी, वहिनीने आपला प्रोग्राम स्वतःहून थांबवला होता. रीस्टार्ट केलं की तो आपोआप उठतो, हे वहिनीला माहीत नव्हतं.