ओल्या कापडाचं मोजमाप

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत सिद्धी दिवसभर कापडं मोजायची. सुती, डेनिम, पॉलिस्टर. एकेक तुकडा यंत्रात दाबायचा आणि त्यातून जाताना रेडिओ लहरी किती मंदावतात, किती जिरतात ते वाचायचं. कंपनी बचाव पथकांसाठी जॅकेट बनवत होती. पाठीत धातूच्या धाग्याने विणलेला अँटेना आणि त्याखाली सुती अस्तर. कोरडं असताना झकास चालायचं. घामाने भिजलं की अँटेना भलत्याच फ्रिक्वेन्सीवर घसरणार, असं सिद्धीचं गणित होतं. मिठाचं पाणी शिंपडून तिने ते दाखवलंही होतं.

"मिठाचें उदक कोण मानतलो?" तिचे वरिष्ठ, पेडण्याचे रुद्रेश सर म्हणाले. "गिरायकाक खरो घाम जाय. आंगार मोजिल्लो." ग्राहकाला माणसाच्या अंगावर मोजलेला घाम हवा होता.

झाडलोट करणारी मंजुळा तिथेच फरशी पुसत होती. बेळगावकडची, पन्नाशीला आलेली. सिद्धी तिला अक्का म्हणायची. दुपारचं जेवण दोघी एकत्रच घ्यायच्या. सरांनी मंजुळाच्या पाठीकडे बोट केलं. "ही बरी. धा वाजताच चिंब जाता." मंजुळा ओशाळली आणि तिने पदर ओढून घेतला.

सिद्धीने चाचणीच्या वहीत मंजुळाचं नाव लिहिलं. तिचा संशोधनाचा पेपर जूनमध्ये पाठवायचा होता.

गोवा घटकराज्य होऊन पंचवीस वर्षं झाल्याचे फलक गावोगाव लागले होते, तो मे महिना. भर दुपारी मंजुळाला जॅकेट गळ्यापर्यंत बंद करून पाण्याच्या टाकीचा लोखंडी जिना चढायला लावलं. बावन्न पायऱ्या वर, बावन्न खाली, अशा दहा फेऱ्या. मध्ये पाणी प्यायचं नाही. जॅकेटवर सांडलं तर मोजमाप फुकट. सिद्धी सावलीत लॅपटॉप घेऊन बसली.

पाचव्या फेरीला पडद्यावरची अँटेनाची फ्रिक्वेन्सी दाखवणारी रेघ हलली. सातव्या फेरीला ती नेमकी गणिताने सांगितलेल्या जागी येऊन टेकली. खऱ्या घामाने, दीड वर्षात पहिल्यांदाच! सिद्धीच्या अंगावर काटा आला.

"बाई, जरा पानी द्या की," मंजुळा कठड्याला धरून म्हणाली.

"तीनच राहिल्या, अक्का. चढ, चढ."

नवव्या फेरीत खालच्या पायऱ्यांवर ती कोसळली. सिद्धी धावली. गुडघे टेकून तिने चेन उघडली, मंजुळाचे हात एकेक करून बाह्यांतून सोडवले आणि जॅकेट घेऊन आत पळाली. ते सुकायच्या आत मोजायला हवं होतं. चार मिनिटांनी आकडे उतरवून ती पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली, तेव्हा वॉचमन गुरुदास मंजुळाच्या तोंडावर पाणी मारत होता.

उन्हाच्या तडाख्याने मंजुळाची मूत्रपिंडं बिघडली. ती बारा दिवस इस्पितळात होती. 'कामगार आधीपासूनच आजारी होती' असा कागद कंपनीने तयार केला. खाली साक्षीदार म्हणून सिद्धीची सही हवी होती. तिने केली. मंजुळाचं काम गेलं.

महिनाभराने सिद्धी फळं घेऊन तिच्या भाड्याच्या खोलीवर गेली. मंजुळाचा नवरा अशोक उठून बाहेर निघून गेला. मंजुळाचा चेहरा सुजला होता.

"तुला उकडत होतं ना, अक्का, म्हणून मी आधी जॅकेट काढलं," सिद्धी म्हणाली.

"डोळं मिटलं हुतं माझं, बाई. शुद्ध न्हवती गेली." मंजुळा तिच्याकडे बघतच राहिली. "पानी आनाय गेलीस, असं वाटलं. मी वाट बघत हुते."

सिद्धीने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि उठली. पेपर त्याआधीच गेला होता. पावसाळा संपता संपता तो स्वीकारला गेला, सुती अस्तर रद्द होऊन पॉलिस्टरचं आलं आणि तिला बढती मिळाली. पुढच्या चाचणीसाठी बाई कुठली घ्यायची, हे सरांनी तिच्यावरच सोपवलं. तिने दुसऱ्याच दिवशी कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला.