अकरा दिवस न हललेला काटा

मी एक जुना दाबमापक आहे, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. समुद्रतळावरून चारशे किलोमीटर आलेली गॅसची पाइपलाइन जिथे किनाऱ्यावर डोकं वर काढते, तिथे मी बसतो. गॅस किती दाबाने येतोय ते सांगणं, एवढंच माझं काम. मित्रांनो, कारखान्यात मला तीनदा तपासून मगच शिक्का मारला. संशय घ्यायला मी तिथेच शिकलो.

गॅस वाहत असला की काटा जरासा थरथरतोच. मेकॅनिक मावशी रोज माझ्या काचेवर टिचकी मारायच्या, थरथर बघायच्या आणि मगच पुढे जायच्या.

मागच्या हिवाळ्यात लेक बाळंत झाली म्हणून मावशी रजेवर गेल्या. त्याच आठवड्यात रंगारी आले. पाइपातून माझ्यापर्यंत गॅस आणणाऱ्या बारीक नळीच्या कॉकची मूठ ब्रशच्या आड येत होती, म्हणून त्यांनी ती फिरवली आणि तशीच ठेवून गेले. कॉक बंद! नळीत कोंडलेल्या गॅसवर माझा काटा ऐंशीवर थिजला. ऑफिसातल्या स्क्रीनचा सेन्सरही त्याच नळीवर होता.

"बघा, काटा हलतसुद्धा नाही!" साहेब खूश होऊन सगळ्यांना सांगायचे. ते कौतुक ऐकून मला धडकीच भरायची. अकरा दिवस मी काही बोलू शकलो नाही.

बाराव्या दिवशी मावशी आल्या. टिचकी मारली. काटा ढिम्म.

"साहेब, हा थरथरत का नाही?"

"मावशी, उगाच शंका काढू नका. स्क्रीनवरही ऐंशीच आहे."

"दोघं एकाच नळीवर आहेत. म्हणजे साक्षीदार एकच झाला ना?"

त्यांनी नळी चाचपली, कॉक उघडला. मी घसरलो तो थेट एकावन्नावर! खोल पाण्याखालच्या थंड पाइपमध्ये गॅसमधल्या ओलाव्याचा बर्फासारखा गोळा होऊन वाट अडत चालली होती. चाळिसाच्या खाली गेलो असतो तर गावाचा गॅस बंद झाला असता, आणि दवाखान्याच्या खोल्या त्याच गॅसवर गरम राहत होत्या. साहेबांनी घाईघाईने पलीकडच्या टोकाला फोन केला. तिथून पाइपमध्ये बर्फ विरघळवणारं द्रव्य सोडलं. मी आणखी घसरलो, दोन दिवस चव्वेचाळिसावर जीव मुठीत धरून होतो, मग हळूहळू चढलो.

मावशींनी अजून दवाखान्यातच असलेल्या लेकीला फोन लावला. "खोली गरम आहे ना गं?"

"आहे की. का?"

"काही नाही. बाळाला नीट पांघरूण घाल."

साहेब मात्र माझ्यावरच चिडले. "खोटारडा आहे हा. काढून टाका."

"तो खोटं नाही बोलला, साहेब," मावशी म्हणाल्या. "आपणच त्याचं तोंड बंद केलं होतं."

मला फार बरं वाटलं. मित्रांनो, आमची काळजी घ्यायची म्हणजे नुसती काच पुसायची नाही. आम्ही गप्प बसलो की आमचं कौतुक करू नका. आधी आमचं तोंड कुणी बंद केलंय का, ते बघा.