भिंतीत शिरलेले राखणदार

वेंगुर्ल्याच्या बंदरावर होडी कुशीवर कलती करून ठेवली होती आणि तुकाराम तिच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडत होता. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. सुकाणू होडीवरच्या शिवाकडं न देता आपणच धरणार, असं त्यानं घरात सांगून टाकलं होतं. मे महिन्यात त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, शिरेत स्टेंट बसला होता. आणि आज सकाळी त्याच्या मुलीला, सणासाठी घरी आलेल्या अक्षदाला, गोळ्यांची पाकिटं न फोडलेली सापडली होती. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींचाच अभ्यास करत होती. गोळ्या सोडून बाबाला समुद्रात जाऊ द्यायचं नाही, हे ठरवूनच ती बंदरावर आली.

"बाबा, गोळये कित्याक बंद केलंस?"

"छातीत दुखाचा थांबला. डॉक्टरान शीर खरवडून साफ केल्यान. होडी एकदा खरवडून तेल लावला, की वरीसभर बघूक नको."

"खरवडूक नाय, ताणून उघडी केल्यान. चरबी वरसून चिकटणा नाय बाबा, भिंतीत शिरता. मगे रक्तातले पांढरे पेशी, आपलेच राखणदार, ती खावक आत जातत. खाऊन खाऊन फुगतत, भायर येवक जमना नाय, थंयच मरतत. आणि आणखी जणांक बोलवून घेतत."

"राखणदार कसले गो, बारशाचे पावणे ते."

"पावणे जेवून जातत. हे भिंत पोखरतत. एक दिवस वरचो पापुद्रो फाटता नि रक्त गोठता. तुका ताच झाला."

"थंय आता स्टेंट आसा."

"आणि बाकीच्या शिरांत?"

काजूच्या टरफलांच्या तेलानं चकचकणाऱ्या एका फळीवर तुकारामानं सवयीनं हातोडी ठोकली. आवाज भरीव आला. शेजारच्या फळीचा पोकळ आला, तसा तो चरफडला. ती आतून कुजली होती, बदलावी लागणार होती.

"माझी शीर अशी ठोकून बघ मगे," तो म्हणाला.

"ती ठोकूक येणा नाय. म्हणान गोळी. चरबी कमी करता, राखणदारांचो राग निवयता. दुखना नाय तरी रोज घेवची. आणि डॉक्टर हो म्हणीपर्यंत सुकाणू शिवाकाकाकडे."

"शिवा होडी खडकार घालतलो."

"घालूंदे. होडी नवी मिळतली."

तो बराच वेळ त्या पोकळ फळीचे खिळे उपटत राहिला. मग मान वर न करता त्यानं विचारलं, "उपाशीपोटी चलता?"

"चलता."

"दी तर. पण पौर्णिमेचो नारळ मीच सोडतलंय."

"काठावरसून," अक्षदा म्हणाली आणि तिनं पाकीट फोडलं.