तुऱ्याखालची तपकिरी रेघ

रविवारी सकाळी दहा वाजता सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एक वहिनी आणि तिचा धाकटा दीर समोरासमोर उभे राहिले. मध्ये सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबल होतं. टेबलावर एक नदी, तिच्यावर पूल, पलीकडे गिरणी, अलीकडे टेकडी, आणि अंगठ्याच्या पेराएवढी उंच एकशे एकोणचाळीस माणसं. काही घोड्यांवर, बाकीची पायी.

खेळ सहा फेऱ्यांचा. सहावी फेरी संपताना पूल, गिरणी आणि टेकडी यांपैकी ज्याच्या ताब्यात जास्त जागा, तो जिंकला. जिथे ज्याची माणसं जास्त, ती जागा त्याची. दोन्हीकडची सारखी असली तर ती जागा कुणाचीच नाही.

पैज कसलीच नव्हती, पण डाव साधा नव्हता. पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या शहरात या खेळाचा तीन दिवसांचा मेळावा होता. बारा मंडळं, प्रत्येकाचे तीन खेळाडू. या मंडळाचे दोन ठरले होते. तिसऱ्या जागेसाठी वहिनी आणि दीर यांच्यात हा डाव होता. वर्षभराच्या गुणांत वहिनी किंचित पुढे होती, म्हणून बरोबरी झाली तरी जागा तिची. गेली चार वर्षं ती चौथी येत होती. या मंडळातल्या प्रत्येकाची चाल तिला पाठ झाली होती आणि तिची चाल त्यांना. अनोळखी माणसासमोर उभं राहून खेळायचं, एवढीच तिची इच्छा होती. रजेचा अर्ज तिने दीड महिन्यापूर्वीच दिला होता. तो मंजूरही झाला होता.

वहिनी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर माप पाठवतात, ती दात बनवते. दात पांढरा नसतो, हे तिचं आवडतं वाक्य. मुळाशी पिवळसर, मध्ये दुधाळ, टोकाला निळसर पारदर्शक. तीच नजर ती सैन्याला लावते. तिच्या एकाही घोड्याचा रंग नुसता काळा नाही. लगामाच्या कडीवर ती तीन केसांच्या ब्रशने उजेडाचा ठिपका ठेवते. तिने रंगवलेला सैनिक हातात घेतला की माणूस आधी खिडकीपाशी जातो.

दीर गोदीत क्रेन चालवतो. नऊ मजले उंचीच्या काचेच्या केबिनमध्ये बसून दोन दांडे हलवत कंटेनर उचलायचे आणि ठेवायचे. घरी आला की तो पुन्हा दोन दांड्यांचा कंट्रोलर हातात घेतो. व्हिडिओ गेममध्ये त्याला तोड नाही. एखाद्या गेमचा नकाशा त्याने एकदा तुडवला की वर्षाने विचारलं तरी तो सांगतो, कुठल्या दरीत कुठला दरवाजा आणि त्यामागे कोण बसलंय. घाई त्याच्या अंगात नाही. एकाच बुरुजाशी त्याला एकतीस वेळा मरताना वहिनीने पाहिलंय. दर वेळी तो काहीतरी वेगळं करून मेला होता. बत्तिसाव्या वेळी चढला.

त्याने वहिनीला कंट्रोलर दिला आणि वहिनीने त्याला ब्रश. ब्रश त्याला जमला नाही, टेबल जमलं. पहिल्या डावात त्याचं निम्मं सैन्य दलदलीत अडकलं तेव्हा तो म्हणाला होता, "मागच्या सेव्हवर जाऊ या."

"इथे सेव्ह नाही, भाऊजी. इथे फक्त पश्चात्ताप आहे," वहिनी म्हणाली होती. त्याला दोन वर्षं झाली.

मंडळ चालवतात ते काका निवृत्त मोजणीदार. चाळीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या. पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणतात आणि त्यांना ते ठाऊक आहे. टेबलाच्या खेळात नेम धरायचा तर समोरचा दिसायला हवा, आणि दिसतो की नाही यावर जगभर भांडणं होतात. काकांनी या मंडळात पहिल्या दिवसापासून एक रीत घातली. शंका आली तर ज्याच्या सैनिकावर नेम आहे त्यानेच पलीकडे जायचं, शत्रूच्या सैनिकामागे डोळा लावायचा आणि दिसतो की नाही ते सांगायचं. त्याचा शब्द शेवटचा. वर अपील नाही.

"म्हणजे चोरालाच चोरी झाली का विचारायचं," एक नवा सभासद एकदा म्हणाला होता.

"हो. बाकी सगळीकडे पोलिसांना विचारून बघितलंय आपण," काका म्हणाले होते.

पहिल्या चार फेऱ्या वहिनीच्या होत्या. तिने टेकडी घेतली आणि दुसऱ्या फेरीतच गिरणीत अकरा भालेकरी घुसवले. दिराकडे पूल होता. दीर वरून बघत नव्हता. क्रेनवरच्या माणसाला वरून बघायची सवय. ती त्याने मोडून काढली होती. दर चालीआधी तो गुडघ्यावर बसायचा, हनुवटी टेबलाच्या काठाला टेकवायचा आणि आपल्या माणसांच्या उंचीवरून रान पाहायचा. वहिनी सरळ उभी राहून खेळते, हात मागे बांधून. चाल ठरली की एक हात पुढे येतो, माणूस हलतो, हात परत जातो.

"वहिनी, गिरणीत फार गर्दी केलीत."

"पाहुणे येणार कळलं होतं."

"चहापाणी?"

"भाला आहे. चालेल?"

पाचव्या फेरीत दिराने पुलावरचे तीन धनुर्धर नदीकाठाला आणले आणि खाली बसला. बराच वेळ उठला नाही. गिरणीच्या भिंतीमागे वहिनीचा सेनापती उभा होता. तो जवळ असेपर्यंत भालेकरी पळणार नव्हते. भिंत उंच होती, साधा सैनिक तिच्यामागे पूर्ण झाकला गेला असता. पण सेनापती खडकावर उभा होता. तो खडक वहिनीने प्रयोगशाळेत कवळीचा साचा ओतून उरलेल्या प्लास्टरचा केला होता. प्लास्टर चमचाभर जास्त उरलं, वाया कशाला घालवायचं म्हणून तिने तेही ओतलं. खडक आठ मिलिमीटर उंच झाला आणि फार देखणा झाला. दगडातल्या भेगा, सावलीकडचं शेवाळ, सगळं होतं. तो कुठून कुठून दिसेल हा हिशेब तिच्या मनातच आला नाही.

"मला वाटतं तो दिसतोय," दीर म्हणाला. "नुसता तुरा असेल तर सोडा. पण शिरस्त्राण वाटतंय."

तुरा, झेंडा, भाल्याचं टोक दिसलं तर नेम धरता येत नाही. शरीर किंवा शिरस्त्राण दिसायला हवं.

"ताई," काका म्हणाले, "तुम्ही बघा."

वहिनी टेबलाला वळसा घालून गेली. चष्मा कपाळावर सरकवला, धनुर्धराच्या मागे डोळा आणला, दुसरा मिटला. भिंतीच्या वर लाल तुरा होता. तुऱ्याच्या खाली, भिंतीच्या अगदी कडेला, नखाच्या कातरणीएवढं काहीतरी होतं. तपकिरी. इतर कुणी ते भिंतीची कड म्हणून सोडलं असतं, किंवा तुऱ्याची सावली म्हणून. मंडळातले बाकीचे सात जण आळीपाळीने वाकले असते तरी सात मतं निघाली असती.

पण तो सेनापती तिने रंगवला होता. तुरा संपतो तिथे शिरस्त्राणाच्या वरच्या कडेला तिने एक तपकिरी रेघ ओढली होती, चामड्याच्या पट्टीची. त्या रेघेला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. पहिली जाड झाली म्हणून तिने ती पुसून पुन्हा ओढली होती.

ती तशीच वाकलेली राहिली. खोलीतल्या बाकीच्या टेबलांवरचे डाव थांबले होते.

"वहिनी, राहू द्या," दीर हळूच म्हणाला. "तुराच असेल."

"तुरा लाल आहे, भाऊजी." ती उठली आणि चष्मा नाकावर आणला. "तपकिरी रेघ दिसतेय. ती शिरस्त्राणाची. फासे टाका."

तीन धनुर्धर, तीन फासे. सहा पडला तरच सेनापती मरणार होता. दोन आणि चार पडले. तिसरा फासा पुलाच्या कठड्याला आपटून परतला आणि सहावर थांबला.

वहिनीने सेनापती खडकासकट उचलून टेबलाबाहेर ठेवला. पाठोपाठ भालेकऱ्यांची धीराची परीक्षा झाली. ते नापास झाले आणि गिरणी सोडून पळाले. दिराची आठ माणसं गिरणीत शिरली.

एवढं झाल्यावर बहुतेक खेळाडू हात झाडतात. वहिनीने घड्याळ पाहिलं, पाण्याचे दोन घोट घेतले आणि एकच फेरी उरली असताना नवा डाव मांडला. टेकडीवर तीन माणसं ठेवून तिने पाच घोडेस्वार खाली काढले. ते थेट गिरणीकडे गेले नाहीत. गिरणीच्या मागच्या अंगाला नदीचं उथळ वळण होतं. सकाळपासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं, कारण तिथून जायला दोन इंच जास्त लागत. वहिनीने घोड्यांची चाल मोजली. जेमतेम अर्धा इंच शिल्लक उरत होता. स्वार मागच्या दाराने आत घुसले. दिराचे सगळे भाले पुढच्या दाराकडे वळलेले होते.

"हे मी पाहिलंच नाही," तो म्हणाला. स्वर कौतुकाचा होता. त्याला तो लपवावासाही वाटला नाही.

फासे पडत गेले. गिरणीत त्याची तीन माणसं मेली, तिचा एक स्वार पडला. पाच आणि चार. काकांनी वाकून मोजलं, मग पलीकडून पुन्हा मोजलं.

"एका माणसाने," ते म्हणाले.

आणखी एक भालेकरी पडला असता तर गिरणी कुणाचीच नव्हती, बरोबरी होती आणि जागा वहिनीची होती. काकांनी फळ्यावर तिसऱ्या ओळीत दिराचं नाव लिहिलं. वहिनीने टेबलावरून हात पुढे केला, दिराने तो धरला आणि सोडलाच नाही.

"मी काकांना सांगतो. तुम्ही जा."

"तुम्ही हरलात का?"

"नाही, पण—"

"मग पण कसला?"

"राखीव म्हणून चला, ताई," काका म्हणाले. "चौथ्याला नेता येतं."

"राखीव गेले तर तीन दिवस दुसऱ्यांच्या चुका बघत गप्प बसावं लागेल. ते मला झेपायचं नाही."

जिन्यावरून उतरताना मात्र सैन्याची पेटी तिने दिराला उचलू दिली नाही.

सोमवारी तिने रजा रद्द केली. दिवसभर एका बसचालकाचे वरचे चार दात केले. संध्याकाळी घरी आली तेव्हा दीर सोफ्यावर गेम लावून बसला होता. पडद्यावर कुठलातरी किल्ला जळत होता.

"बंद करा ते," ती म्हणाली. गेल्या चार मेळाव्यांचे सगळे वृत्तान्त तिने वाचलेले होते; कुठलं मंडळ कसं खेळतं ते तिला तोंडपाठ होतं. जेवणाचं टेबल रिकामं करून तिने त्यावर पुस्तकांच्या टेकड्या आणि पट्ट्याची नदी केली. "पहिल्या दिवशी तुमच्यासमोर घोडदळवाले येतील. आज मी ते. उद्या धनुर्धरवाले."

सोमवारी तो हरला. मंगळवारी हरला. बुधवारी पाचव्या फेरीपर्यंत टिकला आणि हरला. हरल्यावर दर वेळी तो विचारायचा, कुठे चुकलं, आणि ती माणसं परत जागेवर ठेवून दाखवायची, इथे.

वहिनीचा नवरा रुग्णवाहिका चालवतो आणि घरातल्या या युद्धांत पडत नाही. बुधवारी तो पाळी संपवून आला तेव्हा जेवणाचं टेबल चौथ्या फेरीत होतं. त्याने ताट हातात घेतलं, खिडकीच्या कट्ट्यावर बसून जेवला आणि शेवटपर्यंत बघत राहिला.

"तिन्ही दिवस तू जिंकलीस," तो म्हणाला. "मग शुक्रवारी जातंय कोण?"

"रविवारी जिंकले ते," वहिनी म्हणाली, आणि पडलेले स्वार एकेक करून उभे करू लागली. दीर खाली बसून, हनुवटी टेबलाला टेकवून, ती ते कुठे कुठे ठेवते आहे हे बघत होता.