फाटकाची कडी

"कडी लावली होती का नव्हती, एवढंच सांगा ना ताई," लोहारदादा कालव्याच्या बांधावर काठी आपटत म्हणाले. "हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. एवढा विचार कसला करायचा त्यात?"

"लावली असणार," शिंपीणताई म्हणाली.

"असणार म्हणजे?"

"म्हणजे रोज लावते. हात आपोआप जातो. त्या दिवशी गेला का नाही, हे आता कसं आठवणार? तुम्ही काल भट्टी विझवली ते आठवतंय का?"

"आठवतंय. विझवली होती म्हणून आठवतंय."

मास्तर मध्ये पडले. "अहो, तुम्ही दोघं भांडत बसलात तर हाका कोण मारणार? कुत्र्याच्या कानावर गेलं तरी ते म्हणेल, इथं वाद चाललाय, नंतर येतो."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. "मोटारवाले, तुम्हीच मारा हाक. तुमचा आवाज त्याच्या ओळखीचा."

मी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ओरडलो, "बोक्या! ए बोक्या!"

बोक्या त्या बाजूला नव्हता. मला ते पक्कं माहीत होतं. चार दिवसांपूर्वी मीच त्याला टेंपोत घालून डोंगरापलीकडच्या दगडखाणीपाशी सोडून आलो होतो.

पहिल्यापासून सांगतो.

बोक्या माझा नव्हता, हिचा होता. ही म्हणजे माझी बायको. गेल्या हिवाळ्यात ती गेली. बोक्या पिल्लू असताना आमच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यात तोंड घालताना सापडला, म्हणून कुत्र्याचं नाव बोक्या. हिला वाटायचं, यात फार मोठा विनोद आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची.

आमच्या गावात कुत्री मोकळी फिरायची. नव्या पेरलेल्या वाफ्यांतून धावायची, शेतकरी दगड मारायचे, मग कुत्र्यांवरून माणसांची भांडणं. हिनं आणि शिंपीणताईनं तोड काढली. ज्याच्या घरी कुत्रं आहे त्यानं सकाळी ते घेऊन निघायचं, सगळ्यांनी मिळून जायचं. कालव्याच्या बांधानं पंपघरापर्यंत, तिथून टेकडीची पायवाट, मग शेतांच्या बांधाबांधानं परत. याला सगळे फेरी म्हणायचे. सात माणसं, सात कुत्री. नियम हिनंच घातले होते. एखादं कुत्रं हरवलं, तर सापडेपर्यंत फेरी त्याच्या शोधाची. आणि मालकाच्या ऐवजी दुसऱ्या कुणी कुत्रं घरी पोचवलं, तर फाटकाची कडी त्यानंच लावायची. कडी राहिली तर दोष त्याचा, मालकाचा नाही.

फेरीहून आली की ही मला सगळं सांगायची. आज बोक्या बदकांच्या मागं कालव्यात उतरला आणि बदकांनीच त्याला पळवून लावलं. आज त्यानं मास्तरांचा चष्म्याचा डबा टेकडीवर पुरला, सगळे गुडघ्यांवर बसून माती उकरत होते, आणि बोक्या मध्ये बसून बघत होता. लोहारदादांचं ते रेड्याएवढं काळं कुत्रं, तेसुद्धा बोक्याच्या मागून चालतं. मी मोटारीत डोकं घालून "हं" म्हणायचो. मी विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो. ती म्हणायची, "एक दिवस चला की." मी म्हणायचो, "माणसं कुत्र्यांमागं फिरायला लागली तर कामं कुत्र्यांनी करायची का?" हेही मी फार मोठा विनोद केल्यासारखं म्हणायचो.

ती गेल्यावर शिंपीणताई बोक्याला फेरीला न्यायला लागली. सकाळी फाटकातून न्यायची, उन्हं वर यायच्या आत आणून सोडायची. मला काही म्हणायची नाही. पण गाव म्हणायचं. मी रस्त्यानं चाललो की कुणीतरी थांबवायचं आणि विचारायचं, "बोक्या खातो का नीट?" दुकानदार विचारायचा, दूधवाला विचारायचा. "मुक्या जिवानं किती लावून घेतलंय हो!" लावून घेतलंच होतं त्यानं. ही संध्याकाळी बाहेरून यायची ती वेळ झाली की तो उठून फाटकापाशी जायचा, उभा राहायचा, मग परत येऊन माझ्याकडं बघायचा. जसं काही मीच तिला कुठं लपवून ठेवली होती. मी खातो का नीट, हे मला कुणी विचारलं नाही. मी कामाला जात होतो, दाढी करत होतो. माझं बरं चाललंय असं लोकांना वाटलं असणार.

एका दुपारी मी हिचे कपडे द्यायला काढले. गाठोडं बांधून पाणी प्यायला आत गेलो. बाहेर आलो तर बोक्यानं गाठोडं सोडून हिची राखाडी शाल ओढून काढली होती आणि तिच्यावर पसरला होता. मी शालीचं टोक धरलं. तो गुरगुरला. माझ्यावर. माझ्या बायकोच्या शालीवरून.

मी त्याला उचलला, टेंपोत टाकला. त्याला वाटलं फिरायला चाललोय. वाटभर तोंड बाहेर काढून वारा खात होता. खाणीच्या वळणावर मी पोळीचा तुकडा लांब फेकला. तो खुशीत उडी मारून गेला आणि मी गाडी वळवली. तो मागं धावायला लागला तसा मी बाजूचा आरसा दाबून आत वळवला. मग त्यात माझंच तोंड दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणताई फाटकात आली. "भाऊजी, बोक्या कुठंय?"

"दिसत नाही कालपासून," मी म्हणालो. ती बघतच राहिली, म्हणून आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. "कडी उघडी होती."

एवढंच. कुणावर आळ घालायचा असं माझ्या मनात नव्हतं. कडी उघडी होती म्हटल्यावर ती कुणी उघडी ठेवली हे गावात कुणाला विचारावं लागत नाही, हे मी विसरलो. नियम माझ्याच बायकोचा, आणि मीच विसरलो. शिंपीणताईनं फाटकाकडं पाहिलं, स्वतःच्या हाताकडं पाहिलं आणि वळून निघाली.

त्या दिवसापासून शोध सुरू झाला. पहाटे धुकं उतरलेलं असायचं, काळ्या मातीचे गोळे चपलांना चिकटून पाय जड व्हायचे. लोहारदादांचा गुडघा धरलेला, तरी ते टेकडी चढायचे. मास्तर रस्त्याखालच्या प्रत्येक नळकांड्यात वाकून बघायचे. मी सगळ्यांच्या पुढं असायचो आणि सगळ्यांना खाणीच्या उलट्या बाजूला न्यायचो.

चौथ्या दिवशी बांधावर ते कडीचं भांडण झालं, त्या दुपारी शिंपीणताई माझ्या दुकानात आली. मी मोटारीत तांब्याची तार भरत होतो. वेढे मोजत भरावे लागतात, चुकलं की सगळं उकलावं लागतं. ती दारातच उभी राहिली. हातात माप घ्यायची टेप तशीच होती, बोटांना गुंडाळलेली.

"भाऊजी, मी तिला शब्द दिला होता," ती म्हणाली. "दवाखान्यात. ती म्हणाली, बोक्याला बघ. मी म्हणाले, तू काळजी करू नकोस. आणि मला साधी कडी लावता आली नाही."

मी तारेकडं बघत होतो.

"चार दिवस मशीनला हात लावला नाही मी. बसले की वाटतं, ज्या हाताला कडी लागत नाही त्यानं काय शिवायचं? उद्यापासून मी फेरीला येणार नाही. माझ्यावर कुणी कुत्रं सोपवू नये. तुम्ही तेवढं मला माफ करा."

तिनं हात जोडले. आणि मी, देवाशप्पथ सांगतो, मी म्हणालो, "जाऊ द्या ताई. होतं असं कधीकधी."

मी तिला माफ केलं.

"तुमचं मन मोठं आहे भाऊजी," असं म्हणून ती डोळे पुसत गेली. माझे वेढे चुकले होते. मी तार कापून फेकली, दुकान तसंच उघडं टाकलं आणि टेंपो काढला.

मनात हिशेब सोपा होता. बोक्याला आणायचा, गुपचूप फाटकात सोडायचा. आपणहून परत आला म्हणायचं. ताई सुटली, मीही सुटलो. खाणीच्या वळणावर पांढरी धूळ उडत होती. कुत्रं कुठंच नव्हतं. वजनकाट्यावरच्या माणसाला विचारलं.

"तांबडं ना? एक कान पडलेला?" तो म्हणाला. "होतं की. दोन दिवस या वळणावर बसून होतं. टेंपो आला की धावायचं, आत वाकून बघायचं आणि परत जागेवर. एका गाडीचा धक्का लागला त्यात, लंगडायला लागलं. परवा उठलं आणि या रस्त्यानं निघून गेलं. तुमचं का?"

"नाही," मी म्हणालो. "एका ओळखीच्याचं."

"मग सांगा त्याला," तो म्हणाला, "की कुत्रं सोडायचं तर असं सोडू नये. बघवत नाही हो."

"सांगतो," मी म्हणालो.

अंधार पडेपर्यंत मी रस्त्याच्या दोन्ही बाजू धुंडाळल्या. ओढे, झुडपं, ओसाड शेतं. एका माणसाचं ते काम नव्हतं. सगळ्या फेरीचं होतं, आणि ती फेरी भलत्याच बाजूला हाका मारत होती. त्यांना या बाजूला आणायचं तर का आणायचं ते सांगावं लागणार होतं. लंगडं कुत्रं फार दिवस काढणार नव्हतं. घरी येऊन मी हिच्या खुर्चीसमोर जेवायला बसलो आणि जेवलो नाही.

सकाळी सगळे नेहमीसारखे शिंपीणताईच्या दारात जमले. ती उंबऱ्याच्या आतच उभी. "तुम्ही जा," म्हणाली. "मी नाही येत."

"असं काय करता ताई," लोहारदादा म्हणाले. "काल मी जरा जास्तच बोललो. झालं ते झालं."

"काही झालंच नाही," मी म्हणालो. "कडी लावलेली होती."

सगळे माझ्याकडं वळले.

"ताईंनी कडी लावली होती. बोक्याला मी नेला. टेंपोतून. खाणीपाशी सोडला." आवाज माझा असा निघाला, जसा मी गिऱ्हाइकाला मोटारीतला बिघाड सांगतो. "काल बघून आलो. तो तिथं नाही. पायाला लागलंय, अलीकडं कुठंतरी असेल."

लोहारदादांनी काठी उचलली. मला वाटलं आता बसते. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी ती हळूच खाली टेकवली आणि आपल्याच गुडघ्यावर हात ठेवला. "चार दिवस," ते म्हणाले. "या पायानं टेकडी चढलो मी."

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

शिंपीणताई उंबरा ओलांडून बाहेर आली. "काल तुम्ही मला काय म्हणालात?"

"जाऊ द्या म्हणालो."

"होतं असं कधीकधी म्हणालात. माझ्या तोंडाकडं बघून." तिचा आवाज चढला नाही. "ते कसं काय म्हणालात भाऊजी?"

मी खिशातून टेंपोची किल्ली काढली.

"टेंपो कुठंय?" तिनं विचारलं.

सगळे मागं बसले. माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. खाणीकडून परत येत आम्ही थांबत थांबत शोधलं आणि दुपार कलल्यावर बोक्या सापडला. गावापासून पाच किलोमीटरवर वीटभट्टी आहे, तिथं. भट्टीवरच्या बाईनं त्याच्या पायाला चिंधी बांधली होती आणि त्याला विटांच्या सावलीत निजवला होता. शिंपीणताईला बघून तो तीन पायांवर उठला. तिच्या अंगावर पडला, लोहारदादांचे हात चाटले, मास्तरांच्या खिशात नाक घातलं. मग माझ्याकडं आला. मला वाटलं गुरगुरेल. त्यानं माझ्याही हाताला नाक लावलं आणि शेपटी हलवली. सगळ्यांना हलवली तेवढीच. मी हात मागं घेतला.

पण टेंपोत तो चढेना. ताईनं उचलून ठेवला तर अंग ताठ करून असा रडायला लागला की भट्टीवरची माणसं कामं सोडून बघायला लागली.

"उतरवा त्याला," लोहारदादा म्हणाले. "चालत जाऊ."

"दादा, तुमचा गुडघा," मी म्हणालो. "तुम्ही तरी बसा."

"चालतो मी."

मास्तरांना विचारलं. तेही चालतो म्हणाले. म्हणून पाच किलोमीटर ती सगळी माणसं बोक्याच्या चालीनं चालली. तो दमला की आळीपाळीनं कडेवर घ्यायची. आणि त्यांच्या मागं मी, पहिल्या गिअरमध्ये, रिकामा टेंपो घेऊन. इंजिन तापून वास सुटला होता. एकदा ताई थांबली, मागं आली. मला वाटलं काही बोलेल. "पाणी आहे का?" तिनं विचारलं. "त्याला हवंय." मी बाटली दिली. रिकामी बाटली तिनं बाजूच्या सीटवर आणून ठेवली आणि पुन्हा पुढं गेली.

गाव जवळ आलं तशी माणसं विचारायला लागली. पहिला शेतातून ओरडला, "अरे वा, सापडला! कुठं गेला होता?"

सगळे थांबले. मागं वळून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी, नुसते थांबले. मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि म्हणालो, "गेला नव्हता. मीच नेऊन सोडला होता. कडी ताईंनी लावली होती." मग ते पुढं चालायला लागले. पुढच्या वळणावर दूधवाला भेटला. पुन्हा थांबले. पुन्हा उतरलो. दुकानदार, त्याची बायको, पाणी भरणाऱ्या दोघीजणी. दर वेळी तेच शब्द, दर वेळी समोरचं तोंड बदलताना बघायचं. वाटलं होतं की चार-पाच वेळा सांगितल्यावर जीभ सरावेल. नाही सरावली.

माझ्या घराच्या अलीकडं एक म्हातारी ओट्यावर बसलेली असते. तिला ऐकायला फार कमी येतं.

"तुझ्या बायकोचा कुत्रा ना हा?" ती म्हणाली. "कुणी नेला होता?"

"मी, आजी."

"आँ?"

"मी! मीच नेऊन सोडला होता!"

गल्लीतली दारं उघडली. म्हातारीनं माझ्याकडं नीट बघून घेतलं, मग बोक्याकडं बघितलं.

"सोडला होतास, मग परत कशाला आणलास?"

शिंपीणताईच्या कडेवर बोक्या होता. तीही माझ्याकडं बघत होती, सकाळनंतर पहिल्यांदाच.

"घरी कुणी नाही, आजी," मी म्हणालो.

"आँ? मोठ्यानं बोल रे!"

आणि मला भर गल्लीत, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडावं लागलं, "घरी कुणी नाही! मी एकटाच आहे!"