निळ्या काठाचा झगा

शप्पीराच्या जावयाला तोंड आवरता येत नव्हतं, हे तिचं जुनंच दुखणं. यहूद्यांच्या वल्हांडणाच्या सणाला यरुशलेम माणसांनी फुटायला आलेलं, तटावर रोमी भाले उभे, आणि हा यदुआ वेशीत गालिलाच्या त्या गुरूला गाढवावर बघून चेकाळला. सासूनं हिवाळाभर खपून विणलेला निळ्या काठाचा झगा अंगातून ओढला, गाढवाच्या खुरांखाली पसरला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "आमचा राजा आला!"

झगा तिथंच तुडवला गेला. घरी आल्यावर शप्पीरानं सुनावलं होतं, "जावईबापू, राजे नेमायचं काम रोमवाल्यांचं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

आता तो झगा सैनिकांच्या हातून घरी परत आला. काठ कुणाच्या हातचा, हे गल्लीतल्याच कुणी सांगितलं असणार. टोळीचा म्होरक्या रोमच्या चाकरीतला, पण जवळच्याच सबस्त शहरचा, बोली इथलीच. आत शिरताच त्यानं अंगणात बांधलेल्या सणाच्या कोकराला लाथ घातली. पाय मोडला. व्यंग आलेलं कोकरू देवाला चालत नाही.

"मेल्या, मुक्या जिवानं तुझं काय घोडं मारलं?" शप्पीरा धावली. भाल्याच्या दांड्यानं तिचा ओठ फाटला.

यदुआला खांबाला बांधलं.

"काय ओरडलास?"

"गुरू म्हणालो."

चाबकाच्या टोकाला हाडाचे तुकडे होते. पाठीची सालटी निघाली, रक्त भिंतीवर उडालं. त्याची बायको अखसा किंचाळत खाली बसली.

"देवळात सराफांचे चौरंग उलथले त्या गुरूनं, त्यासाठी धरा की त्याला!" शप्पीरा ओरडली. "हा नुसता बडबड्या आहे."

"म्हातारे, चौरंगांचं तुमचे देवळातले याजक बघतील. गुरू पाळा, संदेष्टे पाळा, आम्हाला काय? पण सणाच्या गर्दीत राजा निघाला, तर हीच गर्दी उद्या तलवारी काढते. त्या गुरूला राजा म्हणत होते की नाही, एवढंच रोमच्या सुभेदाराला हवंय. बोलला तर सोडतो. नाहीतर याच्यासाठीही एक क्रूस आहे."

मग ते यदुआची बोटं मोडू लागले. वाळल्या काटक्यांसारखा आवाज येत होता. तरी गडी दात आवळून गप्प. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प.

"सांगून टाक रे!" शप्पीराच्या तोंडातून रक्त आणि शब्द एकदमच पडले. "माझी पोर रांडकी करतोस?"

"राजा," यदुआ पुटपुटला. "राजा म्हणालो."

दुसऱ्या दिवशी शहरातल्या बायका रिवाजाप्रमाणे गंधरस घातलेला द्राक्षारस घेऊन वेशीबाहेरच्या टेकाडावर गेल्या. क्रूसावर मरणाऱ्याला तेवढीच गुंगी. शप्पीराही फाटका ओठ झाकून गेली. सैनिकांनी तिला जवळ जाऊ दिलं नाही. क्रूसावरच्या त्या गुरूकडं बघायचा तिला धीर झाला नाही. त्याच्या डोक्यावरच्या, गुन्हा लिहिलेल्या पाटीकडं बोट दाखवून तिनं शेजारच्याला विचारलं. "यहूद्यांचा राजा," त्यानं वाचलं. एवढंच होतं.

ती घरी आली तेव्हा यदुआ पालथा पडला होता. अखसा पाठीला तेल लावत होती.

"आई, देवळाची निंदा केली म्हणून मारलं म्हणतात त्याला. माझ्यामुळं नाही ना?" यदुआनं विचारलं.

शप्पीरानं झगा त्याच्या पुढ्यात टाकला.

"पाटीवर देवळाचं नाव नाही, यदुआ. तुझा शब्द आहे. मारलं रोमवाल्यांनी, त्या शब्दाला भिऊन. तुझ्याकडून वदवला मी, त्याचं मी देवापुढं बघीन. पण वेशीत तुझ्या पाठीवर चाबूक नव्हता. राजा व्हायचंय का, हे त्याला एकदा तरी विचारायचं होतंस."